अडगळीतले पहारेकरी
असंकेतक आर.एन.ए. आणि विषाणूंपासून मानवी पेशीचे संरक्षण

प्रस्तावना

शरीरात विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे त्याच्याशी लढतात, हे आपण ऐकलेले असते. परंतु एखाद्या नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास बरेच दिवस लागतात. विषाणू मात्र काही तासांतच आपली संख्या वाढवू लागतो. या मधल्या काळात ज्या पेशीत तो शिरला, त्या पेशीला स्वतःच्या बळावर तग धरावा लागतो. ती हे कसे करते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग गेल्या काही दशकांत अशा ठिकाणी सापडला, की ज्याला पूर्वी 'अडगळ' म्हटले जात असे.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर वैज्ञानिक लेख आहे. अवघड विषय क्रमाक्रमाने कसा मांडला जातो, आणि जे निश्चित आहे ते व जे अद्याप शोधाच्या अवस्थेत आहे ते यांतील फरक भाषेतून कसा दाखवला जातो, याकडे वाचताना लक्ष द्यावे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –

• असंकेतक आर.एन.ए. म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• विषाणूविरुद्धच्या लढ्यात या रेणूंची कामे उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• संरक्षणाला लगामाची गरज का असते, याविषयी मत मांडू शकाल;
• शास्त्रीय लेखनातील पारिभाषिक शब्द व वाक्यरचना ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. मूळ दप्तर आणि त्याची नक्कल

मानवी शरीरातील बहुतेक पेशींच्या केंद्रकात डी.एन.ए. हा रेणू असतो. शरीर कसे घडवावे आणि कसे चालवावे, याविषयीच्या सूचना त्यात साठवलेल्या असतात. या सूचनांच्या एकेका घटकाला जनुक म्हणतात. सरकारी कचेरीतील मूळ दप्तर जागचे हलवत नाहीत. ज्या कागदाची गरज असेल, त्याची नक्कल काढून बाहेर देतात. पेशीतही काहीसे असेच घडते. पेशीला एखादे प्रथिन हवे असेल, तर त्या प्रथिनाच्या जनुकाची नक्कल आर.एन.ए. या रेणूच्या रूपाने काढली जाते. ही नक्कल केंद्रकातून बाहेर पेशीद्रव्यात येते. तेथे रायबोसोम नावाचे अतिसूक्ष्म कारखाने ती वाचतात आणि तिच्यानुसार प्रथिन तयार करतात. अशा नकलेला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात.

विषाणूची रचना अतिशय साधी असते. डी.एन.ए. किंवा आर.एन.ए. यांपैकी एका रेणूत लिहिलेल्या थोड्या सूचना आणि त्यांभोवती प्रथिनांचे कवच, एवढाच त्याचा मुख्य पसारा. त्याच्याजवळ स्वतःचे रायबोसोम नसतात. म्हणून तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तेथील कारखान्यांकडून आपली प्रथिने बनवून घेतो. थोडक्यात, विषाणूचा हल्ला म्हणजे पेशीच्या कारभारात आपले कागद घुसवण्याचा प्रयत्न होय. स्वतःचा कागद कोणता आणि परका कोणता, हे वेळीच ओळखणे हा पेशीच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

२. अडगळ की आणखी काही?

इ.स. १९७२ मध्ये सुसुमु ओनो या शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला, की मानवाच्या डी.एन.ए.चा बराचसा भाग कामाचा नसून अडगळीसारखा असावा. पुढे मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. मानवाच्या डी.एन.ए.मध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. प्रथिने घडवणारी जनुके मात्र सुमारे २०,००० एवढीच असून त्यांतील प्रथिनांची प्रत्यक्ष संहिता एकूण डी.एन.ए.च्या दोन टक्क्यांहूनही कमी जागा व्यापते.

उरलेल्या भागाचे काय? त्यातील पुष्कळ भागाच्याही नकला आर.एन.ए.च्या रूपाने काढल्या जातात, असे आढळून आले. मात्र या नकलांपासून प्रथिने बनत नाहीत. ज्या आर.एन.ए.मध्ये प्रथिन घडवण्याचा संकेत नसतो, त्याला असंकेतक आर.एन.ए. म्हणतात. असे काही रेणू पूर्वीपासून परिचित होते. स्वतः रायबोसोमचा मोठा भाग अशाच आर.एन.ए.चा बनलेला असतो. परंतु जनुकांच्या कामावर देखरेख ठेवणारे असंकेतक आर.एन.ए. पेशीत मोठ्या संख्येने आहेत, ही जाणीव अलीकडची आहे. त्यांचे तीन प्रकार या पाठात भेटतील : अतिशय आखूड असे मायक्रो-आर.एन.ए., २०० किंवा त्याहून अधिक अक्षरांचे दीर्घ असंकेतक आर.एन.ए., आणि दोन्ही टोके जोडली जाऊन बनलेले वलयाकार आर.एन.ए.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डी.एन.ए.चा उरलेला सर्वच भाग उपयुक्त आहे, असे सिद्ध झालेले नाही. त्यातील किती भाग खरोखर कामाचा आहे, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. पण अडगळ समजून जे बाजूला ठेवले होते, त्यात मोलाच्या वस्तूही होत्या, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

३. एका कृमीतील शोध

या शोधाची सुरुवात मानवी पेशीत झाली नाही. मातीत राहणारा, सुमारे एक मिलिमीटर लांबीचा एक गोलकृमी प्रयोगशाळांत अभ्यासासाठी वापरला जातो. त्याची वाढ कशी होते, याचा शोध घेताना अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कुन यांना १९९३ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. 'लिन-४' नावाच्या जनुकापासून कोणतेच प्रथिन बनत नव्हते. त्यापासून केवळ २२ अक्षरांचा एक आर.एन.ए. तयार होत होता. हा इवलासा रेणू दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशवाहक आर.एन.ए.ला चिकटे आणि त्यापासून प्रथिन बनण्याचे काम रोखून धरी.

हा प्रकार त्या कृमीपुरताच असावा, असे आरंभी अनेकांना वाटले. २००० मध्ये रव्कुन यांच्या गटाला तशाच स्वरूपाचा दुसरा रेणू माणसासह अनेक प्राण्यांत आढळला, तेव्हा या शोधाचे व्यापक महत्त्व ध्यानात आले. मानवी पेशींत असे शेकडो मायक्रो-आर.एन.ए. असल्याचे आता ज्ञात आहे. या कार्यासाठी अँब्रोस व रव्कुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दरम्यान १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच कृमीत दुसरी एक यंत्रणा उलगडली होती. दुपदरी आर.एन.ए. पेशीत शिरला, तर पेशी त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या साहाय्याने तशाच मजकुराचा संदेशवाहक आर.एन.ए. शोधून नष्ट करते, असे या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. अनेक विषाणूंची वाढ होताना दुपदरी आर.एन.ए. तयार होतो. त्यामुळे वनस्पती व कीटक यांच्यात ही यंत्रणा विषाणूंविरुद्धचे मुख्य शस्त्र ठरली आहे. या शोधासाठी फायर व मेलो यांना २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या बहुतेक पेशी मात्र मुख्यतः वेगळ्या उपायावर विसंबून असतात. तो उपाय म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमन यांनी त्याचा शोध लावला. विषाणूची बाधा झालेली पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. त्यांमुळे शेजारच्या पेशी सावध होतात आणि शेकडो संरक्षक जनुके कामाला लागतात. तरीही तुकडे करण्याची जुनी यंत्रणा माणसात पूर्णपणे लोप पावलेली नाही. ज्या मूलपेशींपासून इतर पेशी निर्माण होतात, त्या इंटरफेरॉनला फारशी दाद देत नाहीत. अशा पेशींत दुपदरी आर.एन.ए. कापणाऱ्या डायसर या विकराचे एक खास रूप असते व ते झिका आणि कोविड-१९ च्या विषाणूंपासून संरक्षण देते, असे लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले.

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. रायबोसोमचे काम कोणते? (क) डी.एन.ए. साठवणे (ख) प्रथिन तयार करणे (ग) विषाणूला कवच देणे
२. लिन-४ पासून काय तयार होते? (क) प्रथिन (ख) इंटरफेरॉन (ग) आखूड आर.एन.ए.
(आ) विषाणूला दुसऱ्याच्या पेशीत का शिरावे लागते? एका वाक्यात लिहा.

४. वारेतील पहारा

गर्भ आईच्या उदरात नऊ महिने वाढतो. या काळात आईला अनेक विषाणूंची बाधा होऊ शकते. पण त्यांपैकी बहुतेक विषाणू गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. आई आणि गर्भ यांच्यामध्ये असलेली वार हा मोठा अडसर असतो. वारेच्या बाह्य थरातील पेशी विषाणूंना इतका प्रखर विरोध कशा करतात, याचा अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

संशोधकांनी वारेच्या पेशी प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवल्या. नंतर तो द्रव दुसऱ्या प्रकारच्या मानवी पेशींना दिला. तेव्हा त्या पेशीही, एकमेकांपासून अगदी भिन्न असलेल्या अनेक विषाणूंना दाद देईनाशा झाल्या. वारेच्या पेशी आपल्याभोवती अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात आणि त्या पिशव्यांत मायक्रो-आर.एन.ए. असतात, असे दिसून आले. हे रेणू १९ व्या गुणसूत्रावरील एका समूहातून येतात. हा समूह केवळ माणूस, वानर, माकड अशा नरवानर गणातील प्राण्यांत आढळतो आणि मुख्यतः वारेतच कार्यरत असतो. या रेणूंमुळे पेशीतील नको असलेल्या गोष्टी मोडीत काढण्याची प्रक्रिया जोर धरते आणि विषाणूची वाढ रोखली जाते. वारेची पेशी आपला पहारा अशा रीतीने इतर पेशींनाही देऊ शकते.

ही तटबंदी अभेद्य आहे, असे मात्र नाही. रुबेला म्हणजे जर्मन गोवराचा विषाणू ती ओलांडून गर्भाला इजा करू शकतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये पसरलेल्या झिकाच्या साथीनेही हेच दुःखदायक रीतीने दाखवून दिले. म्हणूनच गर्भारपणापूर्वी घ्यावयाची रुबेलाची लस आणि डासांपासून बचाव यांचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

५. धोक्याची घंटा

पेशीद्रव्यात 'रिग-आय' नावाचे एक पहारेकरी प्रथिन असते. परक्या आर.एन.ए.ची विशिष्ट ठेवण ओळखून ते इंटरफेरॉन निर्माण करण्याचा इशारा देते. पण नागिणीच्या कुळातील ज्या विषाणूमुळे ओठांवर फोड येतात, त्याच्या सूचना डी.एन.ए.मध्ये असतात. असे असूनही रिग-आयला त्याचा सुगावा कसा लागतो?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचे एक उत्तर मिळाले. मानवी पेशीत रायबोसोमच्या एका जनुकाची काही निकामी मानली गेलेली प्रतिरूपे आहेत. त्यांना छद्मजनुके म्हणतात. त्यांपैकी एकापासून असंकेतक आर.एन.ए. बनतो. एरवी तो पेशीच्या इतर प्रथिनांनी झाकलेला असतो. विषाणू पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती दडपतो, तेव्हा हे झाकण नाहीसे होते, आर.एन.ए. उघडा पडतो आणि रिग-आय त्याला पकडून धोक्याची घंटा वाजवते. चोराने घरमालकाचा आवाज बंद करावा आणि त्या शांततेमुळेच शेजारी जागे व्हावेत, तसा हा प्रकार आहे. विषाणूची चाल त्याच्याच अंगाशी येते.

'नीट-१' हा दीर्घ असंकेतक आर.एन.ए. केंद्रकात राहून याहून वेगळे काम करतो. पांढऱ्या पेशींना बोलावून आणणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकावर एरवी एक दुसरे प्रथिन ठाण मांडून बसलेले असते व ते त्या जनुकाचे काम रोखते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची बाधा झाली की नीट-१ चे प्रमाण वाढते. तो केंद्रकात सूक्ष्म पुंजके तयार करतो आणि त्या रोखणाऱ्या प्रथिनाला तिकडे ओढून घेतो. जनुक मोकळे होते आणि मदतीची हाक बाहेर जाते. जपानमधील संशोधकांनी हे २०१४ मध्ये दाखवले.

६. लगामही हवा

शत्रूविरुद्धची यंत्रणा जितकी प्रखर, तितके बरे, असे आपल्याला सहज वाटते. परंतु विषाणू नसताना ती चालू राहिली, तर तिचा मारा स्वतःच्याच पेशींवर होतो. 'अति तेथे माती' ही म्हण पेशीलाही लागू पडते. म्हणून काही असंकेतक आर.एन.ए. लगामाचे काम करतात.

'एन.आर.ए.व्ही.' नावाचा दीर्घ असंकेतक आर.एन.ए. निरोगी पेशीत विषाणूविरोधी जनुकांना आवरून धरतो. विषाणूची बाधा होताच पेशी त्याचे प्रमाण घटवते आणि ती जनुके मोकळी होतात.

वलयाकार आर.एन.ए.चे उदाहरण याहूनही बोलके आहे. 'पी.के.आर.' हे प्रथिन दुपदरी आर.एन.ए. आढळताच पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवते. कारखानाच बंद पडल्यामुळे विषाणूचे काम अडते. पण पेशीचेही अडते. म्हणून हे शस्त्र विनाकारण उपसले जाऊ नये, यासाठी पेशीतील अनेक वलयाकार आर.एन.ए. पी.के.आर.ला चिकटून त्याला शांत ठेवतात. विषाणू शिरल्यावर एक विकर या वलयांचे तुकडे करते आणि पी.के.आर. मोकळे होते. शांघाय येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ही यंत्रणा प्रकाशात आणली. ल्यूपस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. या रुग्णांच्या रक्तपेशींत वलयाकार आर.एन.ए.चे प्रमाण कमी आणि पी.के.आर.ची सक्रियता अधिक असल्याचेही त्यांना आढळले. लगाम सुटला तर काय होऊ शकते, याचे हे सूचक आहे.

पाठगत प्रश्न २

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वारेतील मायक्रो-आर.एन.ए.चा समूह ______ व्या गुणसूत्रावर असतो.
२. पी.के.आर.ला शांत ठेवणारे रेणू ______ आर.एन.ए. होत.
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. नीट-१ पासून प्रथिन तयार होते.
२. विषाणूची बाधा होताच एन.आर.ए.व्ही.चे प्रमाण घटते.

७. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. एप्स्टाइन-बार या विषाणूला स्वतःचे मायक्रो-आर.एन.ए. असतात, हे २००४ मध्ये कळले. विषाणूंमध्ये असे रेणू आढळल्याची ती पहिलीच वेळ होती. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्या एका मायक्रो-आर.एन.ए.च्या साहाय्याने, बाधित पेशीच्या पृष्ठभागावर येणारी धोक्याची खूण दडपतो, असे २००७ मध्ये दिसून आले. त्यामुळे मारक पेशींना ती पेशी ओळखता येणे अवघड होते.

यकृतशोथ सी, म्हणजे हिपॅटायटिस सी या रोगाचा विषाणू तर आणखी पुढे गेला. यकृताच्या पेशींत 'मायक्रो-आर.एन.ए.-१२२' विपुल प्रमाणात असतो व तो यकृताच्या चयापचयाला आवश्यक असतो. हा रेणू विषाणूच्या आर.एन.ए.ला जोडला जातो. पण त्यामुळे विषाणूचे नुकसान होण्याऐवजी त्याची वाढ होते, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले; या जोडणीमुळे विषाणूच्या आर.एन.ए.चे एक टोक सुरक्षित राहते. कुऱ्हाडीचा लाकडी दांडाच झाडांचा घात करतो, तसे येथे घडते.

या शोधातून उपचाराची एक कल्पना पुढे आली. मायक्रो-आर.एन.ए.-१२२ ला बांधून ठेवले, तर विषाणू निराधार होईल. 'मिराविर्सेन' या औषधाची चाचणी ३६ रुग्णांवर घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाच्या मात्रेनुसार रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण घटले. काहींच्या रक्तात तो सापडेनासा झाला. परंतु उपचार थांबल्यावर काहींमध्ये तो पुन्हा दिसू लागला. त्याच सुमारास विषाणूच्या विकरांवर थेट काम करणारी गोळ्यांच्या स्वरूपातील औषधे उपलब्ध झाली. त्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. त्यामुळे उपचारासाठी त्याच औषधांचा वापर रूढ झाला. तसेच मायक्रो-आर.एन.ए.-१२२ जन्मतःच नसलेल्या उंदरांच्या यकृतात पुढे गाठी निर्माण होतात, असे २०१२ मध्ये आढळले होते. पेशीच्या स्वतःच्या रेणूत हस्तक्षेप करताना किती जपून पावले टाकावी लागतात, हे यावरून ध्यानात येते.

८. समारोप

पेशीच्या संरक्षणात असंकेतक आर.एन.ए.चे स्थान कोणते, हे आता स्पष्ट होते. ते स्वतः क्वचितच शत्रूवर घाव घालतात. इशारा देणे, अडवलेले जनुक मोकळे करणे, अवाजवी आवेश आवरणे आणि वेळ येताच तो आवर सोडणे, ही त्यांची कामे आहेत. घाव घालणाऱ्या प्रथिनांइतकेच महत्त्व, घाव केव्हा घालावा आणि केव्हा घालू नये हे ठरवणाऱ्या या रेणूंना आहे. त्यांपैकी काहींना विषाणू फितवूही शकतो.

यांतील बरेचसे ज्ञान प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून मिळालेले आहे. जिवंत शरीरात हे रेणू किती प्रमाणात आणि कशा प्रकारे काम करतात, याचा शोध अद्याप चालू आहे. ज्याचा उपयोग आपल्याला कळला नाही, ते निरुपयोगीच असते असे नाही, ही या शोधांची शिकवण आहे. त्याचबरोबर, उपयोग असल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय तो गृहीत धरू नये, हीदेखील विज्ञानाचीच शिस्त आहे.

पाठगत प्रश्न ३

१. यकृतशोथ सी चा विषाणू मायक्रो-आर.एन.ए.-१२२ चा उपयोग कसा करून घेतो?
२. 'असंकेतक आर.एन.ए. स्वतः क्वचितच शत्रूवर घाव घालतात.' हे विधान पाठातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

भाषाभ्यास

(अ) पारिभाषिक शब्दांची घडण
शास्त्रीय शब्द पुष्कळदा उपसर्ग किंवा समास यांच्या साहाय्याने घडवलेले असतात. त्यांची फोड केली की अर्थ सुलभ होतो.
असंकेतक – अ + संकेतक : ज्यात संकेत नाही असे
प्रतिपिंड – प्रति + पिंड : परक्या घटकाच्या विरोधात निर्माण झालेला पदार्थ
छद्मजनुक – छद्म + जनुक : जनुकासारखे भासणारे, पण मूळ काम न करणारे
कृती : 'अ' आणि 'प्रति' हे उपसर्ग असलेले प्रत्येकी तीन शब्द लिहा.

(आ) निश्चितीच्या पायऱ्या
पुढील शब्दप्रयोग पाहा : 'सिद्ध झालेले नाही', 'असे आढळून आले', 'याचे हे सूचक आहे', 'अडगळीसारखा असावा'. शास्त्रीय लेखनात क्रियापदाच्या निवडीवरून विधान किती निश्चित आहे, ते कळते. 'अडगळ आहे' आणि 'अडगळीसारखा असावा' यांत मोठा फरक आहे. पहिले विधान, तर दुसरा तर्क.
कृती : पाठातून तर्क दर्शवणारे आणखी एक वाक्य शोधून लिहा.

(इ) म्हणी
अति तेथे माती – कोणत्याही गोष्टीचा अतिरेक नुकसान करतो.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ – आपल्यातलाच माणूस आपल्या नाशाला कारण होतो.
कृती : या म्हणींचा उपयोग दैनंदिन जीवनातील प्रसंगाच्या संदर्भात करा.

शब्दार्थ

केंद्रक – पेशीचा मध्यवर्ती भाग
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
गुणसूत्र – डी.एन.ए.ची केंद्रकातील धाग्यासारखी गुंडाळी
वार – गर्भाला आईच्या शरीराशी जोडणारा व त्याचे पोषण करणारा अवयव
चयापचय – शरीरातील घडणीच्या व मोडणीच्या रासायनिक क्रिया
गोत – कुळ, नातेवाईक
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे
ठाण मांडणे – एकाच ठिकाणी पक्के बसून राहणे

आपण काय शिकलात

• विषाणू पेशीच्या कारखान्यांचा वापर करून वाढतो.
• असंकेतक आर.एन.ए.पासून प्रथिन बनत नाही. पण त्यांपैकी अनेक रेणू जनुकांच्या व प्रथिनांच्या कामाचे नियमन करतात.
• वारेतील मायक्रो-आर.एन.ए. संरक्षण देतात, नीट-१ आणि छद्मजनुकाचा आर.एन.ए. इशारा देतात; एन.आर.ए.व्ही. व वलयाकार आर.एन.ए. लगाम घालतात.
• विषाणू स्वतःचे मायक्रो-आर.एन.ए. वापरतात किंवा पेशीचेच रेणू आपल्या बाजूला वळवतात.

पाठान्त प्रश्न

१. सरकारी दप्तराच्या दृष्टान्तातून डी.एन.ए. व आर.एन.ए. यांचा संबंध कसा स्पष्ट होतो?
२. 'विषाणूची चाल त्याच्याच अंगाशी येते.' हे वाक्य कोणत्या संदर्भात आले आहे, ते सविस्तर लिहा.
३. संरक्षणयंत्रणेला लगामाची आवश्यकता का असते? सुमारे १०० शब्दांत लिहा.
४. मिराविर्सेनच्या चाचणीपासून कोणता बोध घेता येतो?
५. 'ज्याचा उपयोग कळला नाही ते निरुपयोगीच असते असे नाही.' या विचाराला आपल्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १ – ख, २ – ग. (आ) विषाणूजवळ स्वतःचे रायबोसोम नसल्यामुळे प्रथिने बनवून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागते.
प्रश्न २ : (अ) १ – १९, २ – वलयाकार. (आ) १ – चूक, २ – बरोबर.
प्रश्न ३ : १. तो रेणू विषाणूच्या आर.एन.ए.ला जोडला गेल्यामुळे त्याचे एक टोक सुरक्षित राहते व विषाणूची वाढ होते. २. नीट-१ विषाणूला मारत नाही. रोखणाऱ्या प्रथिनाला ओढून घेऊन तो मदत बोलावणारे जनुक मोकळे करतो. (पाठातील अन्य योग्य उदाहरणही ग्राह्य आहे.)